वाणिज्य आणि औद्योगिक झोनच्या नियमांतील बदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकास योजनेतील झोन, नियमावलीतील फेरबदल आणि त्यांचा दुकान, गोदाम किंवा कारखान्याच्या जागेवर होणारा परिणाम यांविषयी जमीनमालक, लघुउद्योजक आणि गृहनिर्माण संस्था जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. ही उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झोन म्हणजे नेमके काय, आणि माझी जमीन कोणत्या झोनमध्ये आहे हे कोठे कळेल?

विकास योजना किंवा प्रादेशिक योजना प्रत्येक जमिनीला एक वापर विभाग ठरवून देते. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती, हरित हे त्यांपैकी नेहमी भेटणारे विभाग, आणि यांनाच आपण झोन म्हणतो. बोलताना लोक ‘यलो झोन’, ‘ग्रीन झोन’ असे रंगांवरून म्हणतात, पण रंगावर विसंबू नये. जुन्या छापील नकाशांत आणि त्यांच्या झेरॉक्समध्ये रंगांची ओळखच पटत नाही. गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक देऊन झोन दाखला आणि त्यासोबत भाग नकाशा घ्यावा. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत तो तेथील नगररचना विभागाकडून मिळतो, महानगर विकास प्राधिकरणासारख्या प्राधिकरणाच्या हद्दीत त्या प्राधिकरणाकडून, आणि इतर ग्रामीण भागात नगररचना विभागाच्या जिल्हा शाखा कार्यालयाकडून. दाखल्यावर केवळ झोन पाहून थांबू नये. जमिनीवर आरक्षण आहे का (म्हणजे शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी ती योजनेत राखून ठेवली आहे का), नियोजित रस्त्याची रेषा तिला छेदते का, लगतच्या रस्त्याची रुंदी किती आहे, हेही वाचावे. वाणिज्य वापराच्या बाबतीत रस्त्याची रुंदी बहुतेक वेळा झोनइतकीच निर्णायक ठरते (प्रश्न ८).

२. आता सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू आहे ना?

जवळजवळ. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि तिने शहरागणिक वेगळ्या असलेल्या नियमावल्यांची जागा घेतली. मात्र बृहन्मुंबई महापालिकेचे क्षेत्र, एमआयडीसीची (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची) क्षेत्रे, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागांतील नगरपरिषदा आणि लोणावळा अशी काही क्षेत्रे तिच्यातून सुरुवातीपासून वगळलेली होती. मुंबईत २०३४ च्या विकास योजनेची स्वतंत्र नियमावली आहे. नियमावली एक झाली तरी झोनचे नकाशे प्रत्येक शहराचे आपापलेच राहिले आहेत. त्यामुळे पुण्यातील ओळखीच्या वास्तुविशारदाने सांगितलेला नियम नाशिकलाही बहुधा लागू पडेल. नकाशावर काय दाखवले आहे ते मात्र नाशिकच्याच कार्यालयात पाहावे लागेल.

नियमावलीत लागू झाल्यापासून अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत. बाजारातील छापील प्रत कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या धरून आहे, हे पहिल्या पानावर पाहिल्याशिवाय तिच्यातील कलम अर्जात उद्धृत करू नये.

३. जमीन औद्योगिक झोनमध्ये आहे. मग एनए (शेतजमीन अकृषिक करणे) आणि बांधकाम परवानगी वेगळी कशाला?

कारण हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि वेगवेगळ्या तरतुदी त्यांची उत्तरे देतात. या ठिकाणी कोणता वापर चालेल, हे झोन सांगतो, आणि त्याला आधार आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याचा. शेतजमिनीचा महसुली दर्जा बदलून अकृषिक आकारणी कशी होईल, हा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा विषय. आणि विशिष्ट इमारत बांधता येईल का, हे नकाशा मंजूर झाल्यावरच ठरते. कारखान्याला याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्व संमती आणि पुढे चालवण्याची संमती लागते. लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा प्रवर्गांपैकी आपला उद्योग कोणत्या प्रवर्गात येतो, त्यावर त्या प्रक्रियेचा भार अवलंबून असतो.

एनएची वाट गेल्या काही वर्षांत बरीच सोपी झाली आहे. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी संहितेच्या कलम ४४-अ ने १९९४ पासूनच जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीतून अटींसह सूट दिली, आणि पुढे आलेल्या ४२-अ ते ४२-ड या कलमांनी अंतिम विकास योजनेतील जमिनी तसेच गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनी यांनाही मोकळीक दिली. या तरतुदी शासन वारंवार बदलते, म्हणून अर्जाच्या तारखेला कोणती तरतूद लागू आहे, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्यावे. महसुली बाजू सोपी झाली म्हणजे झोनची अट सुटली, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली, जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम) हे प्रकरण या सगळ्याच्या आधी येते.

४. झोनचे नियम बदलते कोण, आणि बदलाची पद्धत काय?

अंतिम मंजुरी राज्य शासनाच्या नगरविकास विभागाची. तेथवर पोहोचण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत.

मंजूर विकास योजनेत किंवा तिच्या नियमांत किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर नगररचना अधिनियमाचे कलम ३७ वापरले जाते. नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी महापालिका किंवा नगरपरिषद, तसा ठराव करते. राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते. सूचनेच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत हरकती व सूचना घेतल्या जातात. हरकतदारांची सुनावणी होते आणि प्रस्ताव शासनाकडे जातो. शासन तो जसाच्या तसा, बदल करून किंवा मुळीच मंजूर न करता निकाली काढू शकते. योजनेचे मूळ स्वरूपच पालटेल असा बदल मात्र या कलमाखाली करता येत नाही, आणि न्यायालयांत जाणारे बरेचसे वाद ‘किरकोळ’ म्हणजे किती, याच मुद्द्यावर अडतात. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात यासारखाच बदल कलम २० खाली होतो आणि तेथे सूचना शासन स्वतः काढते.

दुसरी वाट अशी की शासन स्वतःच, सार्वजनिक हिताच्या कारणास्तव, कलम ३७ (१अअ) खाली सूचना काढते. यूडीसीपीआर याच वाटेने आली. याच प्रकारात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हरकतींची मुदत चालू असतानाच शासन कलम १५४ खाली निर्देश देऊन नवा नियम तत्काळ अमलात आणू शकते, आणि तसे अनेकदा करते. म्हणजे कागदावर प्रस्तावित असलेला बदल त्याच दिवसापासून नकाशे मंजूर करताना वापरला जात असतो. सूचनेच्या शेवटच्या परिच्छेदात हा निर्देश दडलेला असतो, म्हणून ती शेवटून वाचायला सुरुवात केली तरी हरकत नाही.

तिसरी वाट संपूर्ण योजनेच्या सुधारणेची. कलम ३८ प्रमाणे विकास योजना किमान वीस वर्षांतून एकदा सुधारावी लागते. सुधारित योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात आणि नियोजन समिती सुनावणी घेते.

५. वृत्तपत्रात फेरबदलाची सूचना आली आहे. हरकत कशी लिहावी म्हणजे तिची दखल घेतली जाईल?

प्रथम सूचनेत नमूद केलेल्या ठिकाणी जाऊन प्रस्तावित मजकूर आणि नकाशा पाहावा. वृत्तपत्रातील सूचनेत बहुधा केवळ गोषवारा असतो. नियमावलीचा बदल असेल तर ‘सध्याची तरतूद’ आणि ‘प्रस्तावित तरतूद’ असे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. ते शब्दाशब्दाने ताडून पाहावेत, कारण एखाद्या व्याख्येतील दोन शब्द एकरांचा हिशेब फिरवतात. मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. १९९१ च्या नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या फेरबदलाने हा हिशेब गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरता केला. गिरणीच्या शेड पाडल्यावर रिकामी होणारी जागा त्यातून बाहेर पडली. बहुतेक आवारे बांधकामांनी भरलेली होती, तेव्हा पालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला किती उरले असेल, हे सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्या फेरबदलाचा अर्थ सार्वजनिक वाट्याच्या बाजूने लावला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि फेरबदल कायम राहिला. हे सगळे घडले ते ‘मोकळी जमीन’ या शब्दांच्या व्याप्तीवरून.

हरकतीत आपला गट क्रमांक, पत्ता, प्रस्तावातील नेमके कलम आणि त्याजागी आपल्याला हवा असलेला पर्यायी मजकूर लिहावा. ‘या बदलास आमचा तीव्र विरोध आहे’ एवढ्यावर थांबलेली हरकत ‘अमान्य’ असा एका शब्दाचा शेरा घेऊन निकालात निघते. शंभर जणांनी सह्या केलेल्या एकाच छापील नमुन्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या पाच हरकती अधिक उपयोगी पडतात, हे गृहनिर्माण संस्थांनी विशेष ध्यानात घ्यावे. अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घ्यावी आणि सुनावणीची इच्छा असल्याचे अर्जातच स्पष्ट लिहावे. सुनावणीला भाग नकाशा, रस्त्याचे छायाचित्र आणि मोजणीची नक्कल सोबत असावी. भाषणाला वेळ मिळत नाही, कागद मात्र प्रकरणात लागतात.

६. माझ्या एकट्याच्या जमिनीचा झोन शेतीतून वाणिज्य किंवा औद्योगिक करून मिळेल का?

मागणी करता येते, हक्क म्हणून मिळत नाही. आपण नियोजन प्राधिकरणाकडे किंवा शासनाकडे अर्ज करू शकता. तो योग्य वाटल्यास प्रश्न ४ मधील पद्धतीनेच पुढे जातो. म्हणजे सूचना, हरकती आणि सुनावणी यांना फाटा देता येत नाही. मंजुरी मिळालीच तर तिच्यासोबत अधिमूल्य (प्रीमियम) भरण्याची, सुविधा क्षेत्र (सार्वजनिक सोयींसाठीची जागा) सोडण्याची आणि पोहोचरस्ता स्वखर्चाने करण्याची अट येऊ शकते. ‘तीन महिन्यांत झोन बदलून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाला एकच विचारावे : कलम ३७ की कलम २०, आणि सूचना राजपत्राच्या कोणत्या तारखेच्या अंकात येणार? पुष्कळदा झोन बदलण्याची गरजच नसते, कारण हवा असलेला वापर आहे त्याच झोनमध्ये चालत असतो. त्यासाठी प्रश्न ८ आणि १० आधी वाचावेत.

७. प्रारूप योजनेत शेजारची जमीन औद्योगिक दाखवली आहे. आताच घ्यावी का?

प्रारूप म्हणजे मंजुरी नव्हे. परवानगी देताना प्राधिकरणाला प्रारूपाचाही विचार करावा लागतो. त्यामुळे प्रारूपातील रस्ता किंवा आरक्षण आपल्याला लगेच अडवू शकते. पण प्रारूपातील वाढीव वापर त्याच बळावर लगेच मिळेल, असे समजू नये. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रारूप विकास योजना, हजारो हरकती आणि न्यायालयीन याचिका यांच्यानंतर, २०२५ मध्ये शासनाने रद्द केली. चार वर्षे त्या नकाशातील रंग पाहून ज्यांनी भाव ठरवले, त्यांच्या हाती शेवटी मूळ प्रादेशिक योजनेचाच झोन राहिला. घ्यायचीच असेल तर साठेखतात मंजुरीशी निगडित अट घालावी आणि किंमत आजच्या झोनप्रमाणे ठरवावी.

८. निवासी झोनमध्ये दुकान, बेकरी, गॅरेज किंवा पूर्ण वाणिज्य इमारत चालते का?

चालते, पण मर्यादेत, आणि ती मर्यादा रस्ता ठरवतो. यूडीसीपीआरमध्ये निवासी झोनचे आर-१ आणि आर-२ असे दोन भाग रस्त्याच्या रुंदीवरून पडतात : दाट वस्तीच्या क्षेत्रात ९ मीटर आणि त्याबाहेर १२ मीटर ही सीमारेषा. त्यापेक्षा अरुंद रस्त्यावर रोजच्या गरजेची दुकाने, दवाखाना, लहान कार्यालय असे वापर चालतात. रुंद रस्त्यावर वाणिज्य वापरांची यादी बरीच मोठी होते. पिठाची गिरणी, बेकरी, छापखाना, गाड्यांची दुरुस्ती यांना नियमावली सेवा उद्योग म्हणते आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ता देते. त्या तक्त्यात तीन रकाने पाहायचे असतात : विजेचा कमाल भार, कामगारांची कमाल संख्या आणि कमाल क्षेत्र. तिन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. वीज जोडणी वाढवून घेताना हा तक्ता विसरला जातो आणि मग शेजाऱ्याच्या पहिल्याच तक्रारीवर नोटीस येते.

खर्चाचा हिशेबही येथेच करावा. अधिनियमानुसार विकास शुल्क निवासी वापराच्या तुलनेत औद्योगिक वापराला दीडपट आणि वाणिज्य वापराला दुप्पट पडते.

९. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर घरे किंवा मॉल बांधता येतो का?

यूडीसीपीआर औद्योगिक झोनमध्ये निवासी आणि वाणिज्य वापराला प्राधिकरणाच्या पूर्वमान्यतेने परवानगी देते. यालाच व्यवहारात ‘आय टू आर’ (इंडस्ट्रियल टू रेसिडेन्शियल) म्हणतात. येथे झोन बदलत नाही, त्या झोनमध्ये वेगळा वापर अटींवर मान्य होतो, म्हणून कलम ३७ ची वाट चालावी लागत नाही. अटींमध्ये सुविधा क्षेत्र सोडणे येते, आणि बंद कारखान्याच्या बाबतीत कामगारांची कायदेशीर देणी चुकती केल्याबाबत कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र येते. ही दुसरी अट औपचारिक समजू नये. जुन्या कामगारांनी किंवा त्यांच्या वारसांनी देणी थकल्याची लेखी तक्रार दिली असेल, तर प्रकरण तेथेच थांबते, आणि माझ्या मते थांबावेच. देणी बाकी असलेल्या कामगारांनी आपला अर्ज कामगार आयुक्तांकडे आणि त्याची प्रत नगररचना विभागाकडे, अशी दोन्हीकडे द्यावी.

१०. शेती झोनमध्ये उद्योग किंवा गोदाम उभारता येते का?

काही उद्योग येतात. शेतीमालावर प्रक्रिया, शीतगृह, शेतीमालाची साठवण, पेट्रोल पंप असे वापर नियमावलीत अटींसह दिलेले आहेत. साधारण वाहतूक व्यवसायाचे किंवा ऑनलाइन विक्रीचे गोदाम ‘शेतीमालाची साठवण’ या नावाखाली बसवण्याचा प्रयत्न मात्र करू नये. आत काय साठवले आहे, हे पाहणीत एका नजरेत दिसते. भिवंडी परिसरात अनधिकृत गोदामांचा प्रश्न किती वाढला, हे सर्वांसमोर आहे, आणि तेथील गाळे भाड्याने घेणाऱ्यांनाही नोटिसा चुकल्या नाहीत. भाडेकरूनेही म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागून घ्यावे.

शेतकरी नसलेल्या व्यक्तीला औद्योगिक वापरासाठी शेतजमीन घ्यायची असेल, तर कूळ कायद्याचे कलम ६३-१अ पाहावे. औद्योगिक झोनमधील, किंवा जेथे नियम उद्योगाला परवानगी देतात अशा शेती झोनमधील जमीन, १० हेक्टरपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेण्याची सोय त्यात आहे. ती ठराविक मुदतीत उद्योगासाठी वापरलीच पाहिजे, ही तिची दुसरी बाजू आहे.

११. आमचा गाळा एमआयडीसीत आहे. महापालिकेच्या नियमातील बदल आम्हाला लागू होतो का?

नाही. एमआयडीसी आपल्या क्षेत्रापुरती विशेष नियोजन प्राधिकरण आहे. नियम तिचे आणि नकाशाची मंजुरीही तिची. शिवाय भूखंड भाडेपट्ट्याने दिलेला असल्याने वापर बदलण्यासाठी नियमासोबत भाडेपट्ट्याची अटही आडवी येते, आणि प्रश्न ९ मधील सवलत तेथे आपोआप मिळत नाही. मालमत्ता कर कोण घेते, हा वेगळा विषय असून त्यावरून नियोजनाचा अधिकार कोणाकडे हे ठरत नाही.

१२. कारखाना जुना आहे, आता त्याच्या भोवती निवासी झोन झाला. बंद करावा लागेल का?

पूर्वी कायदेशीररीत्या सुरू झालेला वापर झोन बदलला म्हणून आपोआप बेकायदा ठरत नाही. मात्र वापर केव्हापासून आणि कोणत्या परवानगीने चालू आहे, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. मंजूर नकाशा, कारखाना परवाना, जुनी वीजबिले, कर आकारणीचा उतारा हे कागद एकत्र बांधून ठेवावेत. विस्तार, यंत्रसामग्री वाढवणे किंवा पाडून नव्याने बांधणे यांना नवा नियम लागू होतो. प्रदूषणाची संमती या सगळ्यापासून स्वतंत्र आहे. झोन अनुकूल असला तरी ती नाकारली जाऊ शकते.

१३. नकाशा जुन्या नियमाने मंजूर आहे आणि काम सुरू व्हायचे आहे. नवा नियम लागेल का?

परवानगी वैध असेपर्यंत जुन्या नियमानेच काम करता येते. बांधकाम सुरू करण्याचा दाखला एक वर्षाचा असतो आणि वर्षावर्षाने वाढवत एकूण चार वर्षांपर्यंत नेता येतो. काम सुरू न होता तो संपला, तर नवा अर्ज नव्या नियमाने करावा लागतो. नवा नियम फायद्याचा असेल तर सुधारित नकाशा दाखल करता येतो, पण सोयीची कलमे जुन्यातून आणि सोयीची नव्यातून, अशी सरमिसळ चालत नाही.

१४. एकाच गटात अर्धी जमीन औद्योगिक आणि अर्धी शेती झोनमध्ये आहे. काय करावे?

प्रत्येक भागाला त्याचा त्याचा नियम लागतो. भूमिअभिलेख विभागाचा मोजणी नकाशा आणि योजनेचा नकाशा एकमेकांवर बसवून झोनची रेषा नगररचना विभागाकडून निश्चित करून घ्यावी. नकाशा लहान प्रमाणावरचा असल्याने रेषेची जाडीच जमिनीवर काही मीटर होते. म्हणून शेडचा कोपरा रेषेला टेकवून आखणी करू नये.

१५. झोन औद्योगिक आहे, तरी परवानगी नाकारली. असे कसे?

झोनच्या वर इतर निर्बंध असतात. नदीकाठी निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि निळी व लाल रेषा यांच्यामधील पट्ट्यात ते अटींवर होते. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचे ना-हरकत लागते. किनाऱ्यालगतचे नियमन, पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र, विमानतळाजवळची उंचीची मर्यादा हेही आहेत. आरक्षण असेल तर झोनच्या वापराचा प्रश्न मागे पडतो. अंतिम योजना लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नसल्यास कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते.

नकाराचे कारण लेखी मागावे, कारण ते द्यावेच लागते. त्या आदेशाविरुद्ध कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांची आहे. कार्यालयात चकरा मारून तोंडी आश्वासने घेण्यात हे दिवस निघून जातात, म्हणून अपील आधी दाखल करावे आणि चर्चा नंतर चालू ठेवावी.